मराठवाड्याच्या कापसाचा वीस वर्षांचा आराखडा : सुरुवात पराटी उपटायच्या तारखेपासून

दुधनाकाठ

२०२५ चा डिसेंबर सरत आलाय. काल शेजारच्या रानात मोटार चालू झाली, तेव्हा हा चर्चेचा धागा काढायचं ठरवलं. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, शेंड्याला पाच-सहा हिरवी बोंडं, खाली लोंबलेला कवडी (किडका, अर्धवट फुटलेला) कापूस, आणि त्याला पाणी. फरदड घ्यायची आहे, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन त्याच झाडांचा कापूस. मी त्याला दोष देत नाही. सप्टेंबरच्या पावसात खालची बोंडं झाडावरच सडली. जे गेलं ते वरच्या बोंडांतून भरून काढू, असा त्याचा हिशेब आहे. २०१९ च्या परतीच्या पावसानंतर मीही हेच केलं होतं.

सेलू तालुक्यात माझी ११ एकर जमीन आहे, ७ एकरांवर कापूस असतो. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा मी संचालक आहे. मागच्या महिन्यात बैठकीत मुद्दाम विषय ठेवला : पुढच्या वीस वर्षांत आपल्या कापसाचं काय करायचं? दोन तास बोलणं झालं, पण सगळं यंदाच्या भावावर. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये, खासगी व्यापारी त्याच्या खाली मागतोय, ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवलं, सीसीआयच्या (हमीभावानं घेणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या) ॲपवर नोंदणी करताना काय काय झालं. यातलं काहीच खोटं नाही. पण एकही माणूस पुढच्या जूनच्या पलीकडचं बोलला नाही.

आपला कापूस दर पंचवीस-तीस वर्षांनी बदललाय. निजामाच्या काळात गावरानी होता, नांदेडची बाणी नावाजलेली होती. मग अमेरिकन कापूस आला, संकरित वाण आले, नांदेडच्याच संशोधन केंद्राचं एनएचएच ४४ घरोघर झालं. २००२ साली बोंडअळी मारणारं प्रथिन अंगात असलेलं बीटी आलं, २००६ ला दोन प्रथिनांचं बीजी-२. यातला एकही बदल आपण ठरवून केलेला नाही. तो आला आणि आपण त्याच्या मागं गेलो. बीटी आलं तेव्हा अळीला त्याची सवय होईल तेव्हा काय, हा प्रश्न आमच्या पारावर कोणी विचारला नाही. पाकिटासोबत नॉन-बीटीची पुडी यायची, अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून ती कडेनं लावायची असते हे माहीत होतं. आम्ही ती लावली नाही. २०१७ ला शेंदरी बोंडअळीनं उभं रान खाल्लं, तेव्हा त्या पुड्या आठवल्या.

म्हणून माझं म्हणणं मांडतो. आराखडा म्हटलं की सूतगिरणी, टेक्स्टाइल पार्क, निर्यात इथून सुरुवात होते. माझ्या मते सुरुवात एका तारखेपासून व्हायला पाहिजे. १ जूनच्या आधी बीटी बियाणं शेतकऱ्याला विकायचं नाही, हे बंधन राज्यात काही वर्षं होतं. म्हणजे पीक कधी सुरू करायचं ते ठरवलं गेलं. पीक कधी संपवायचं याचा मात्र फक्त सल्ला मिळतो, आणि सल्ला कोणी पाळत नाही. सगळ्या शिवारानं ३१ डिसेंबरच्या आत रान मोकळं केलं, तर पुढच्या वीस वर्षांचं बाकी सगळं त्यावर उभं राहू शकतं. नाहीतर कितीही चांगलं वाण आणा, पाच वर्षांत त्याची माती होईल.

चुकत असेन तर सांगा. म्हणूनच इथं लिहितोय.

गेवराईकर

दादा, बोलणं पटतंय, पण पोटाचं सांगा आधी. यंदा आमच्याकडं एकरी तीन क्विंटल निघाला. वेचणीला किलोमागं दहा-बारा रुपये देऊन बाया मिळंनात. बँकेचं कर्ज हाय, वर उसनवारी हाय. वरची बोंडं फुटली तर एकरी दीड-दोन क्विंटल अजून येतोय. तो सोडून पराटी उपटायची म्हणजे हातातले बारा-तेरा हजार सोडायचे. ते कोण देणार?

आणि मी एकट्यानं उपटली अन् शेजाऱ्यानं ठेवली, तर अळी माझ्याच रानात येणार की न्हाई?

दुधनाकाठ

गेवराईकर, तुमचा दुसरा प्रश्न म्हणजेच माझा मुद्दा आहे. एकट्यानं करून उपयोग नाही, म्हणून तारीख गावाची हवी. पहिल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पाणी असेल तर जानेवारीअखेर उन्हाळी तीळ घेता येतो, पण पाणी असेल तरच.

निवृत्त पैदासकार

कापसावर तीस वर्षं काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शेंदरी बोंडअळी आणि हिरवी बोंडअळी यांच्यात एक मोठा फरक आहे. हिरवी अळी हरभऱ्यावर, तुरीवर, टोमॅटोवरही जगते. शेंदरी अळीचं जवळजवळ सगळं आयुष्य कापसावर जातं. हंगाम संपत आला की ती सरकीत, वाळलेल्या बोंडांत, पऱ्हाटीच्या ढिगात झोपी जाते आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर पडते. तिला चार-पाच महिने कापूसच मिळाला नाही तर तिची साखळी तुटते. आपण फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवी बोंडं ठेवतो, म्हणजे तिला दोन पिढ्या जास्तीच्या देतो. बीजी-२ मधल्या दोन्ही प्रथिनांना ती सरावली, त्यामागे बाकी कारणं आहेतच, पण ही लांबलेली पंगत हे एक मोठं कारण आहे.

हे जमतं का? अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून शेंदरी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी होतं, कामगंध (मादी पतंगाच्या वासाने नराला चकवणारे) होते, नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले. पण या सगळ्याच्या खाली ठराविक तारखेपर्यंत पीक काढून जमीन नांगरण्याची शिस्त होती. पतंग सोडणं आपल्याला आज परवडणारं नाही. तारीख पाळायला मात्र विमान लागत नाही.

आता वाणाबद्दल. एवढ्या मोठ्या प्रमाणावर संकरित कापूस जगात आपणच लावतो. बाकी बहुतेक देश सरळ वाण लावतात, ज्याचं बी घरचं ठेवता येतं. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं (२०२५ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ९०१ रुपये), म्हणून आपण ते चार बाय दीड फुटांवर जपून लावतो. झाडं कमी, म्हणून प्रत्येक झाडाकडून भरपूर बोंडांची अपेक्षा, म्हणून हंगाम १८०-२०० दिवसांचा. फरदडीची सवय या अंतरातूनच आली आहे. झाडं दाट असली आणि प्रत्येकाला आठ-दहाच बोंडं असली, तर ती एकदम फुटतात आणि दीडशे-एकशे साठ दिवसांत रान मोकळं होतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सघन लागवडीचा जो प्रयोग शेतकऱ्यांच्या रानात नेला, त्यात हलक्या जमिनीत ९० बाय १५ सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे हेक्टरी सुमारे ७४ हजार झाडं. वाढ आवरायला मेपिक्वाट क्लोराइड वेळेवर फवारावं लागतं. भारी काळ्या जमिनीत आणि जास्त पावसाच्या वर्षी हे अंगाशी येऊ शकतं, झाडं नुसती वाढतात. त्यामुळे सरसकट शिफारस मी करणार नाही. मुरमाड आणि मध्यम जमिनीसाठी जरूर करीन.

आणखी एक, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. परभणीच्या महेबूब बाग केंद्राने देशी कापसात लांब धाग्याचे वाण काढले. पीए २५५ म्हणजे परभणी तुराब, पीए ४०२ म्हणजे विनायक, पुढे पीए ०८. देशी म्हणजे आखूड, जाडाभरडा, हा समज या वाणांनी खोटा ठरवला. रसशोषक किडींना ते अमेरिकनपेक्षा खूप दणकट आहेत आणि पाण्याचा ताण सोसतात. बोंडअळीपासून मात्र देशी कापूसही सुटलेला नाही. बोंड लहान, वेचणीला वेळ जास्त, आणि बाजारात वेगळा भाव नाही, म्हणून ते मागे पडले. वीस वर्षांच्या आराखड्यात मला त्यांच्यासाठी जागा हवी आहे. सगळं रान नको, पण ज्या कोरडवाहू तुकड्यावर संकरित बियाण्याचा खर्चही निघत नाही, तो तरी.

गोदातीर नांदेड

+१ सर. माझे आजोबा उस्मानशाही मिलमध्ये होते. भोंगा वाजला की आमच्या गल्लीत चहा चढायचा. मिल बंद पडली. कापूस मात्र आजही नांदेडच्या बाजारात येतो आणि इथून गुजरातला आणि कोइमतूरला जातो. आराखड्यात सूतगिरणी शेवटी ठेवणारे भेटले की मला वाईट वाटतं, एवढंच.

सूतधागा

मूळचा जालन्याचा, आता इचलकरंजीत सूत विभागात आहे. धागाकर्त्याशी माझा मतभेद आहे.

प्रक्रिया इथे नसेल तर शेतकऱ्याने कितीही शिस्त पाळली तरी पैसा बाहेरच जाणार. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणातच म्हटलं आहे की कापसावर प्रक्रिया करण्याची क्षमता ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची. पीएम मित्र पार्क अमरावतीला गेलं. मराठवाड्याने आत्ता मागणी लावून धरली नाही तर पुढची वीस वर्षं आपण रुई (सरकी काढलेला कापूस) आणि सरकीच विकत बसू. एक किलो रुईचं सूत, सुताचं कापड, कापडाचा सदरा, प्रत्येक पायरीवर रोजगार आहे. आमच्या इथे मराठवाड्यातली किती पोरं कामाला आहेत, ते येऊन बघा.

दुधनाकाठ

गिरणी नको असं मी म्हणत नाही. आपल्याकडे सहकारी सूतगिरण्या झाल्या की. कित्येकांचे पत्रे गंजलेत. गिरणी उभी राहिली, पण तिला हवा तसा कापूस शेजारच्या रानातून मिळाला का? तुम्ही त्या धंद्यात आहात, तुम्हीच सांगा. मराठवाड्याची रुईची गाठ आणि बाहेरची गाठ एका भावात मिळाली तर गिरणी कोणती उचलते?

सूतधागा

प्रामाणिक उत्तर देतो. एकसारखी असते ती. एका लॉटमध्ये धाग्याची लांबी सारखी, जाडी सारखी, प्लॅस्टिक नाही. आपल्या भागातल्या लॉटमध्ये निम्म्या गाठी उत्तम निघतात आणि निम्म्या काहीतरी भलत्याच. प्लॅस्टिकच्या पोत्याचा एक धागा सुतात गेला की रंगवताना तो रंग घेत नाही आणि कापडाचं आख्खं थान परत येतं. हा त्रास मी स्वतः भोगला आहे. तुमचा मुद्दा थोडा कळला. तरी मागणी सोडू नका.

मानवत जिनिंग

मी जिनिंगवाला, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा; माझी बाजू मांडतो. मानवत-सेलूचा कापूस पूर्वीपासून नावाजलेला आहे आणि आजही ऑक्टोबर-नोव्हेंबरचा माल बघून जीव सुखावतो.

माझ्याकडं एका गाडीत चार गावांचा आणि सात-आठ वाणांचा कापूस येतो. त्यात पहिल्या वेच्याचा, तिसऱ्या वेच्याचा आणि घरात वर्षभर ठेवलेला मागच्या सालचा, सगळं एकत्र. मी तो एकाच ढिगावर टाकतो, दुसरा इलाज नाही. तिथंच चांगल्या कापसाचं मरण होतं.

हिशेब बघा. १०० किलो कापसातून रुईचा उतारा ३३ ते ३६ किलो. गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला साधारण ५ क्विंटल कापूस. व्यापारात लॉट १०० गाठींचा चालतो. म्हणजे एक शुद्ध लॉट बांधायला ५०० क्विंटल कापूस पाहिजे. एकरी ५-६ क्विंटल धरला तर ८० ते १०० एकर एकाच वाणाचे. एका गावात एवढं रान सहज निघतं. राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात ‘एक गाव एक वाण’ म्हणून हेच सांगितलं गेलं, काही गटांनी गाठी बांधून विकल्याही. पण गावानं एक वाण लावलं तरी त्यात जानेवारीची फरदड मिसळली की लॉट गेला. रुई पिवळी, कच्चा धागा, सरकीत अळी. आणि ती अळी माझ्या आवारात पतंग होते आणि परत तुमच्याच रानात येते. मी आवारात कामगंध सापळे लावतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते भरलेले दिसतात.

ओलाव्याचंही सांगून टाकतो. ८ टक्क्यांवर भाव पूर्ण, १२ च्या वर सीसीआय घेतच नाही. सकाळी दवात वेचलेला कापूस तसाच भरून आणला की भांडण ठरलेलं.

परतूरकरीण

एवढं सगळं बोलणं झालं, पण कापूस झाडावरून गाडीत येतो कसा, ते कोणी काढलं नाही.

मी वेचणीला जाते. आमची अठरा बायांची टोळी आहे, सेलू-मंठ्यापर्यंत जातो. आम्हाला पैसे किलोवर. मग बाई काय करणार? हाताला येईल ते ओढणार. पाचोळा, अर्धं फुटलेलं बोंड, कवडी, सगळं ओट्यात (कमरेला बांधलेल्या झोळीत). सकाळी दवातला कापूस जड भरतो, म्हणून लवकर सुरुवात. तुम्ही म्हणता दहानंतर वेचा. दहानंतर वेचला तर माझा दिवस चाळीस किलोवरून तीसवर येतो. ते दहा किलो कोण भरून देणार?

प्लॅस्टिकची पोती आम्ही घरून आणत नाही, शेतमालक देतो. खताची, साखरेची, जी असेल ती. सुती ओटा आणि सुती गाठोडं द्या, आम्ही त्यातच वेचू. एका वर्षी एका मालकानं दोन ओटे दिले होते, एक चांगल्याचा, एक कवडीचा, आणि चांगल्याला किलोमागं दोन रुपये जास्त. आम्ही स्वतः निवडून वेगळं केलं. त्याचा माल जिनिंगवर बिनवादाचा गेला.

आणि पराटीचं. ती उपटून जाळू नका, कुट्टी करा, असं सगळे सांगतात. अहो, ती आमची चूल आहे. सिलिंडर घरात आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी पराटीवर. बांधावर रचलेला ढीग आम्हीच नेतो. त्यात अळी झोपते हे आज इथं वाचलं, याआधी आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

निवृत्त पैदासकार

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबलो. आम्ही पत्रकं काढली ती सगळी शेतमालकासाठी. वेचणाऱ्या बाईसाठी एकही काढलं नाही.

सरपणाबद्दल सांगतो. अळी मुख्यतः पऱ्हाटीला चिकटून राहिलेल्या बोंडांत आणि कैऱ्यांत (न फुटलेल्या कच्च्या बोंडांत) असते. उपटण्याआधी शेळ्या-मेंढ्या रानात सोडल्या तर त्या हिरवी बोंडं आणि पाला खाऊन जातात. राहिलेली बोंडं तोडून नष्ट केली, की काटक्या चुलीसाठी न्यायला धोका बराच कमी होतो. फक्त त्या मेच्या आत जाळून संपायला हव्यात, पावसाळ्यात ढीग राहू नये.

परभणी ते ब्रिस्बेन

इथे क्वीन्सलँडमध्ये शेती अवजारांच्या कामात आहे. तुलना करायची नाही, इथलं पीक बहुतेक बागायती, हेक्टरी रुई २ हजार किलोच्या आसपास. आपला देशाचा आकडा साडेचारशेच्या आसपास आणि आपल्याकडे पाणी ढगावर. पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बीटी लावायचं तर आश्रयाचं पीक (आपल्या नॉन-बीटी पुडीसारखं) लावणं आणि हंगामानंतर जमीन उलथून अळीचे कोष मारणं, हे इथे बियाण्याच्या करारातच असतं. दुसरं म्हणजे शेतकरी २२७ किलोच्या प्रत्येक गाठीमागे सव्वादोन डॉलर संशोधनासाठी देतो आणि सरकार त्यात आपली भर घालतं. त्यामुळे कोणत्या प्रश्नावर संशोधन व्हावं, हे विचारायचा शेतकऱ्याला हक्क राहतो.

गेवराईकर

गाठीमागं पैसे द्यायला आम्ही न्हाई म्हणत न्हाई. पण राज्य सरकारच्या जुन्या एकाधिकार खरेदीत भाव चढउतार निधीला कापून घेतलेलं आमच्या वडलांच्या अजून ध्यानात हाय. कापणाऱ्याचा हिशेब गावाला दिसला पाहिजे.

दुधनाकाठ

दोन दिवस सगळे प्रतिसाद परत परत वाचले. परतूरच्या ताईंनी माझा आराखडा बदलला. मी तारखेपासून सुरुवात करत होतो. तारीख हवीच, पण तिच्या आधी वेचणीचा दर येतो.

तर आमच्या गावात मी हे मांडणार आहे. पुढच्या जूनला ९० एकरांवर एकच वाण, लवकर येणारं, मध्यम जमिनीत थोडं दाट. भारी रानवाल्यांनी नेहमीच्या अंतरावर लावावं. कंपनीतर्फे सुती ओटे, प्रत्येक बाईला दोन. चांगल्या कापसाला किलोमागं दोन रुपये जास्त, आणि वेचणी दव उतरल्यावर. मग ३१ डिसेंबर. त्या आठवड्यात धनगरांची मेंढरं बोलवायची, पराटी काढायला कुट्टी मशिन कंपनीनं भाड्यानं आणायचं. ज्याची फरदड बुडते त्याला पहिल्या वर्षी लॉटच्या नफ्यातून काहीतरी द्यावं लागेल. किती, ते जिनिंगवाल्यांशी बोलल्याशिवाय सांगता येत नाही. देशी कापसाचे पाच एकर मी स्वतः लावतो. पैदासकार सर, बियाणं कुठं मागायचं तेवढं सांगा.

वीस वर्षांचं म्हणाल तर आधी तीन हंगाम हे करून दाखवायचं. मग शेजारची पाच गावं. पाचशे एकरांचा एकसारखा कापूस हातात असला की सूतधागा म्हणतात ती मागणी आपण जोर लावून करू शकू.

मानवतवाले भाऊ, ५०० क्विंटल एका वाणाचा, फरदड नसलेला, ९ टक्क्यांच्या आतला कापूस नोव्हेंबरात आणला तर वेगळा ढीग लावाल का? आणि गाठी आमच्या नावानं ठेवाल का?

मानवत जिनिंग

वेगळा ढीग लावतो. दोन दिवस मशिन फक्त त्याच मालाला चालवीन. गाठीचा उतारा तुमच्या माणसासमोर मोजू. जिनिंग-प्रेसिंगची मजुरी गाठीमागं ठरवू, सरकी तुमची, हवी तर मी बाजारभावानं घेतो. ८० क्विंटल आणून बाकीचं नंतर, असं मात्र चालणार नाही. एकदम या.

गेवराईकर

आमच्याकडं गट न्हाई. तरी मी माझी अन् भावाची मिळून चार एकर या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मोकळी करतो. बघू शेजारी काय म्हणतोय. कुट्टी मशिनचं एकरी भाडं काय पडतंय?

निवृत्त पैदासकार

देशी वाणाचं पैदासकार बियाणं परभणीच्या कृषी विद्यापीठाकडेच मागा. १८ मे च्या वर्धापन दिनाच्या खरीप मेळाव्याची वाट बघू नका, आत्ताच लेखी मागणी द्या. पाच एकरांचं मिळेल.

परतूरकरीण

बैठक कधी ठेवताय? आमची टोळी सहाला रानातून येते, स्वयंपाक आवरायला साडेसात. त्याच्या आधी ठेवली तर एकही बाई येणार नाही.

दुधनाकाठ

आठला ठेवतो. रविवारी, मारुतीच्या पारावर. सगळ्या अठराजणी या.